पिक्चर छोटा, पण ऑडिशनची जागा नीटच पाहिजे होती

यंदाच्या पावसाळ्यात आमच्या एका छोट्या मराठी पिक्चरचं कास्टिंग मी बघत होते, म्हणजे असिस्टंट डिरेक्टर पण मीच आणि कास्टिंग पण मीच, कमी बजेटमध्ये असंच असतं. ऑडिशनच्या जागेसाठी पैसे जवळजवळ नव्हतेच. तरी जागा नीटच मिळाली पाहिजे यावर मी अडून बसले होते, ते का ते आधी सांगते.

गोष्ट सातारा जिल्ह्यातल्या एका घरातली. सत्तरीची आजी, पन्नाशीतली काकू, अठरा-एकोणीसची मुलगी, दहा वर्षांचा मुलगा आणि एसटीत कंडक्टर असलेला बाप. भाषा तिकडचीच पाहिजे, पुण्यात बसून शिकवलेली नको, त्यामुळे बरेचसे चेहरे नवीन असणार हे ठरलेलं होतं. सगळ्यांकडून मोबाइलवर व्हिडिओ मागवा असं खूप जणांनी सुचवलं, आम्ही मागवले पण. कॉलेजमधल्या मुलामुलींचे आले, नाटकातल्या लोकांचे आले, पण गावातल्या भजनी मंडळात जी बाई सुंदर अभंग म्हणते आणि बोलायला लागली की चार बायका गोळा होतात ती बाई घरात एकटी मोबाइल भिंतीला टेकवून सीन करत नाही. तिला समोर माणूस लागतो. शिवाय आजी आणि नात एकत्र कशा दिसतात, दोघींचं एकमेकींशी जमतं का, हे दोन वेगवेगळ्या व्हिडिओतनं कळतच नाही.

मग जागा. पहिली ऑफर लगेच आली, प्रोड्युसरच्या मित्राचा बाणेरमधला रिकामा टू बीएचके, फुकट, पार्किंग सकट. मी नको म्हणाले. डिरेक्टर जरा वैतागला, कारण फुकट जागा सोडायची म्हणजे काय. पण मी स्वतः कॉलेजात असताना ऑडिशनला गेलेली आहे आणि पत्ता कुठल्या तरी सोसायटीतला अमुक फ्लॅट नंबर असला की घरून पहिला प्रश्न काय येतो ते मला पक्कं माहीत आहे. ऑडिशनच्या नावाखाली फसवणारे लोक काय करतात, तर आदल्या रात्री पत्ता पाठवतात, तो फ्लॅटचा नाहीतर लॉजवरच्या रूमचा असतो, तिथे गेल्यावर कोऑर्डिनेशन फी मागतात, पोर्टफोलिओ, म्हणजे फोटोंचा संच, आमच्याकडनंच करून घ्या म्हणतात, आणि याहून वाईट काय काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. आता आमचा हेतू कितीही चांगला असला तरी पत्ता तसलाच दिसला तर जी मुलगी आम्हाला हवी आहे ती येणारच नाही, तिचे आईवडील पाठवणारच नाहीत, आणि बरोबर आहे त्यांचं. फ्लॅटवर जे येतील ते सगळे आधी दहा ऑडिशन दिलेले असतील. म्हणजे आपण कास्टिंग सुरू करायच्या आधीच जागेने अर्धं कास्टिंग करून टाकलेलं असतं. हे माझं म्हणणं डिरेक्टरला पटलं, आणि तिथून पुढे आम्ही प्रत्येक जागेला एकच प्रश्न विचारत गेलो, की या पत्त्यावर एखादी आई आपल्या मुलीला बिनधास्त पाठवेल का, किंवा स्वतः येईल का.

मुंबईत हा प्रश्न वेगळा आहे. वर्सोव्याला आराम नगरमध्ये कास्टिंगवाल्यांची ऑफिसं एकाला एक लागून आहेत, जुने बंगले, बाहेर रांगा, तिथे तासावर ऑडिशनची रूम मिळते, पडदा लाइट सगळं तयार. पण साताऱ्याची पन्नाशीतली बाई आराम नगरमध्ये येऊन रांगेत उभी राहणार नाही आणि आम्हाला तिला तिथे बोलवायचंही नव्हतं. म्हणून एक फेरी पुण्यात आणि एक साताऱ्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावी, असं ठरलं.

पुण्यात तालमीचे हॉल भरपूर आहेत असं वाटतं, आणि आहेतही, पण जुलै-ऑगस्टमध्ये शोधायला लागलात तर एकही मिळत नाही. कारण पुरुषोत्तम करंडक. १९६३ पासून ही एकांकिका स्पर्धा चालू आहे, प्राथमिक फेरी ऑगस्टमध्ये भरत नाट्य मंदिरात होते, आणि त्याच्या आधीचे दोन महिने सदाशिव, नारायण, शनिवार पेठेत आणि डेक्कनच्या आसपास जेवढे म्हणून तालमीचे हॉल, वाड्यांच्या माड्या, क्लासच्या खोल्या आहेत त्या सगळ्या कॉलेजच्या टीमांनी धरून ठेवलेल्या असतात. मी जिथे जिथे फोन केला तिथे तिथे संध्याकाळ नाही, रविवार नाही, सकाळी आठ ते दहा चालेल का. सकाळी आठला सासवडहून कोण येणार. त्या मुलांचा मला राग नाही, मी पण त्याच तालमींत वाढले, त्यांना जागा मिळालीच पाहिजे, पण आपल्या शहरात तालमीला स्वस्त जागा किती कमी आहेत हे त्या आठवड्यात फार जाणवलं.

कुणीतरी म्हणालं नाट्यगृहच घ्या की एका सकाळसाठी. मोठ्या नाट्यगृहांच्या तारखा खूप आधी वाटल्या जातात, सकाळ-दुपार-रात्र अशा सत्रांवर भाडं असतं आणि ते आमच्या आवाक्याबाहेरचं होतं हा एक भाग. पण समजा कुणी फुकट दिलं असतं तरी मी स्टेजवर ऑडिशन घेतली नसती. स्टेजवर उभं केलं की माणूस आपोआप शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलायला लागतो, नवीन असला तरी, आणि कॅमेऱ्याला ते नको असतं. आम्हाला ती काकू भाकरी थापता थापता नवऱ्याला एक वाक्य बोलते ते हवं होतं, अगदी हळू. ते छोट्या खोलीतच मिळतं.

मग डान्स क्लासचे हॉल पाहिले. तासाला भाडं परवडणारं, स्वच्छ, पण एक आख्खी भिंत आरशाची, म्हणजे कॅमेरा कुठेही लावा तो आरशात दिसणार आणि समोरचा माणूस सारखा स्वतःकडे बघणार. एका ठिकाणी पडदा लावून आरसा झाकता येत होता, तिथे खालच्या मजल्यावर जिम निघाली आणि दर मिनिटाला वजनं आपटल्याचा आवाज. नदीकाठच्या बाजूला एक जागा फार आवडली होती, मोठ्या खिडक्या, सुंदर उजेड, मी जवळजवळ हो म्हणणार होते, पण तिथल्याच एका दादांनी आपणहून सांगितलं की मॅडम संध्याकाळी साडेसहाला येऊन बघा आणि मग ठरवा. गेले. मुठेच्या काठाला ढोलपथकांचा सराव चालू होता, गणपतीच्या आधी रोज असतो, आणि खोलीत काचा थरथरत होत्या. त्या दादांचे मी मनापासून आभार मानले, भाडं गेलं असतं त्यांचं पण खरं बोलले.

शाळा हा माझ्या डोक्यात पहिल्यापासून सगळ्यात चांगला पर्याय होता. शाळेचा पत्ता म्हटलं की घरच्यांना काळजी नसते. पेठेतल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटले, पिक्चरची गोष्ट सांगितली, आणि दादरच्या छबिलदास शाळेचं उदाहरण दिलं, सत्तरच्या दशकात तिथल्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकं सुरू झाली आणि मराठी रंगभूमीची एक अख्खी चळवळ त्या शाळेच्या नावाने ओळखली जाते, तर शाळेची जागा अशा कामाला देणं काही नवीन नाही सर. सरांना पटलं, रविवार दिला, मी लोकांना पत्ता कळवला पण, आणि शुक्रवारी संस्थेकडून फोन आला की त्या रविवारी कसली तरी परीक्षा आहे, जमणार नाही. झालं. ज्यांना पत्ता पाठवला होता त्या प्रत्येकाला फोन करून तारीख पुढे ढकलली, मेसेज नाही टाकला, फोनच केला, कारण आधी पत्ता देऊन मग बदलणे हे नेमकं फसवणारे लोक करतात आणि मला ते एकालाही तसं वाटायला नको होतं.

आणि मग मंगल कार्यालय सुचलं. सुचलं म्हणजे आईमुळे, ती फोनवर सहज म्हणाली की आता चातुर्मास लागला, कार्तिकीपर्यंत कार्यालयं ओस. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी लग्नाचे मुहूर्त सहसा नसतात, म्हणजे जुलै ते नोव्हेंबरच्या आसपास पुण्यातली बरीच जुनी कार्यालयं बहुतेक दिवस नुसती झाडून-पुसून बंद असतात. मी दुसऱ्या दिवशी स्कूटर काढली आणि कर्वे रोड, कोथरूड, सदाशिव पेठ, सहकारनगर अशी हिंडले. एरवी लग्नाच्या सीझनमध्ये तोंडाकडे न बघणारे मॅनेजर लोक बसा, चहा घ्या म्हणत होते.

जे कार्यालय घेतलं तिथल्या मॅनेजर काकांशी झालेलं बोलणं मला अजून आठवतं. पिक्चर म्हटल्यावर ते आधी सावध झाले. म्हणाले, शूटिंग? मोठे लाइट? दारू वगैरे? मी म्हटलं काका, एक छोटा कॅमेरा, एक स्टँड, दोन साधे लाइट आणि माणसं, बाकी काही नाही. मग म्हणाले, लग्नाचं भाडं नाही लावणार तुम्हाला, मोठा हॉल बंदच ठेवतो, तुम्ही वरपक्षाची आणि वधूपक्षाची खोली घ्या आणि बाहेरचा पॅसेज बसायला वापरा, अर्ध्या दिवसाचे दोन हजार, लाइट बिल वेगळं, पावती पाहिजे तर वर १८ टक्के जीएसटी. पावती मी घेतली. मंगळवार सोडून कुठलाही वार घ्या म्हणाले, श्रावणात मंगळागौरीची बुकिंग असतात, बायका पहाटेपर्यंत फुगड्या घालतात, तुम्हाला काही ऐकू येणार नाही.

वरपक्षाची आणि वधूपक्षाची खोली! ऑडिशनला याहून चांगली रचना मुद्दाम बांधून पण मिळाली नसती. दोन स्वतंत्र खोल्या, दोन्हीला आतून कडी लागणारं स्वच्छ बाथरूम, आरसा, कपडे बदलायला जागा, मधे पॅसेज, पाण्याचा कूलर, तळमजला, त्यामुळे आजीच्या रोलला येणाऱ्यांना जिना नाही. आणि पत्ता कुणालाही सांगितला की, अरे ते होय, आमच्या पुतणीचं लग्न तिथेच झालं, असं उत्तर. बसस्टॉप समोर.

अडचण एकच होती, आवाज घुमत होता. खोलीत मधोमध उभं राहून एक टाळी वाजवायची आणि ऐकायचं, ही सगळ्यात सोपी परीक्षा, टाळी संपल्यावर मागे शेपूट राहिलं तर रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक शब्दाला तसंच राहणार. इथे चांगलंच राहत होतं, खाली शहाबादी फरशी, चारी भिंती ऑइलपेंटच्या, सामान काही नाही. पण कार्यालयात काय असतं, तर गाद्या! माळ्यावर थप्पी लावलेल्या. काकांनी माणूस दिला, आम्ही सात-आठ गाद्या खाली उतरवल्या, दोन बाजूच्या भिंतींना उभ्या टेकवल्या, खाली सतरंज्या दुहेरी अंथरल्या, खिडकीवर चादर, आणि परत टाळी वाजवली तर आवाज जागच्या जागी बसला. आमचा साउंडवाला मुलगा, जो एरवी कशावरच खूश होत नाही, तो म्हणाला स्टुडिओपेक्षा काही कमी नाही. कॅमेऱ्यामागची भिंत मोकळी सोडली आणि समोर फिकट राखाडी चादर ताणून लावली. ट्यूबलाइट कॅमेऱ्यात लुकलुकत होत्या, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंदावर ठेवलं की ते जातं, तरीही एक ट्यूब जुनी होती ती बंदच केली आणि आमचे लाइट लावले. पंखा टेकच्या वेळी बंद, टेक झाला की चालू, हे काम एका मुलाला नेमून दिलं, नाहीतर पावसाळ्याच्या उकाड्यात माणसाचे हाल होतात.

आता खोली कशी चालवायची यावर मी जास्त विचार केला होता. दाराला कडी लावायची नाही, नुसतं लोटून घ्यायचं. आत कायम कमीत कमी दोघं, त्यातली एक बाई, म्हणजे मी किंवा आमची कॉश्च्युमवाली. पॅसेजमध्ये भिंतीवर मोठ्या अक्षरात कागद, पिक्चरचं कामचलाऊ नाव, डिरेक्टरचं नाव, प्रोडक्शनचं नाव, आणि खाली, ऑडिशनला कुठलीही फी नाही, कुणी मागितली तर इथे सांगा. सोबत आलेल्या माणसांना खुर्च्या आणि चहा, त्यांना बाहेर उभं करायचं नाही. सीनचे कागद आल्या आल्या हातात, वाचायला वीस मिनिटं, आणि ज्यांना वाचताना अडचण येते त्यांना मी शेजारी बसून वाचून दाखवणार. वाट बघायची जागा दुसऱ्या खोलीत, कारण आतलं दुसऱ्याचं काम ऐकू आलं की पुढचा माणूस तसंच करायला जातो.

एक वडील मुलीला घेऊन आले होते, जेजुरीच्या बाजूचे, शेतीवाले, पांढरा पायजमा, हातात छत्री. बसले नाहीत. आधी भिंतीवरचा कागद पूर्ण वाचला, सावकाश, मग बाथरूमकडे नजर टाकली, मग ऑडिशनच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहिले. कुणी त्यांना काही बोललं नाही, मी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मुलगी आत आली, नाव, गाव, उंची, डावी बाजू, उजवी बाजू, एवढं झालं, सीनला सुरुवात करायला ती घाबरत होती आणि दाराच्या फटीतनं वडील दिसत होते. तेवढ्यात आमची कॉश्च्युमवाली बाहेर गेली आणि त्यांना म्हणाली, दादा आत येऊन बसता का? ते म्हणाले, नको, मी असलो की ती बोलायची नाही, मी चहा घेतो. आणि गेले. मुलीने जो सीन केला तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. रोल तिला मिळाला नाही, वयाने फार लहान दिसत होती, पण तिच्या वडिलांना मी स्वतः फोन करून सांगितलं आणि ते म्हणाले, पुढच्या वेळी कळवा, तिथेच असेल तर येऊ.

साताऱ्याकडच्या फेरीला कार्यालय चाललं नसतं, तिकडची कार्यालयं गावाबाहेर हायवेला, स्वतःची गाडी लागते. तिथे आम्हाला नगरवाचनालय मिळालं. आपल्याकडे तालुक्याच्या गावाला जुनं सार्वजनिक वाचनालय हमखास असतं, स्टँडपासून चालत जाता येईल असं, वर किंवा मागे व्याख्यानमालेसाठी एक छोटा हॉल, आणि तो वर्षातले बरेच दिवस रिकामा. बऱ्याच वाचनालयांची वेळ सकाळ आणि संध्याकाळ, दुपारी बंद. आणि घरचं उरकून, दुपारच्या एसटीने येऊन पाचच्या आत परत जायचं असलेल्या बायकांना नेमकी दुपारच हवी असते. ग्रंथपाल बाईंनी एकच अट घातली, चार वाजता पेपर वाचणारे ज्येष्ठ लोक येतात, त्याच्या आत खुर्च्या जागेवर. भाडं त्यांनी देणगी म्हणून घेतलं, रीतसर पावती दिली, सरकारी अनुदानावर सगळं भागत नाही, हॉलच्या पैशातनं दोन मासिकं जास्त घेता येतील म्हणाल्या. तिथे गाद्या नव्हत्या पण तीन भिंतींना पुस्तकांची कपाटं, उघडी, आणि आवाज कुठे घुमायचं नावच नाही. आवाज घुमणं थांबवायला पुस्तकांइतकं चांगलं काही मी कुठल्या भाड्याच्या हॉलमध्ये पाहिलेलं नाही.

आणि बायका आल्या. भजनी मंडळातल्या, बचत गटातल्या, एक अंगणवाडी सेविका, एक निवृत्त शिक्षिका, दोघी-तिघी मिळून, नटून नाही, बाजाराला येतात तशा. त्यातल्या कितीतरी जणी त्या वाचनालयात आधी कधी ना कधी आलेल्या, निदान हळदीकुंकवाला तरी. एकीला मी विचारलं, आधी कुठे काम केलंय का, तर म्हणाली, काम म्हणजे रोजचंच की ओ, आणि तिथेच खुर्चीवर पदर खोचून सीनला सुरुवात केली, कॅमेरा चालू करायला आमची धावपळ झाली. काकूचा रोल तीच करणार आहे.

दहा वर्षांच्या मुलाचं अजून ठरायचं आहे. शाळा बुडवून मुलांना बोलवायचं नाही, म्हणून ती फेरी दिवाळीच्या सुट्टीत घेणार, आणि तोपर्यंत तुळशीची लग्नं लागली की कार्यालयं परत भरायला लागतील. वाचनालयाला विचारून ठेवलं आहे, पण मुलांबरोबर आईबाप, भावंडं असा गोतावळा येतो, त्यांना पळायला अंगण लागेल, आणि कपाटांतली पुस्तकं मुलांच्या हाताला लागणार म्हणून ग्रंथपाल बाई विचार करून सांगते म्हणाल्या. कराड किंवा इस्लामपूर (आता ईश्वरपूर) स्टँडपासून चालत जाता येईल अशी, आत दोन खोल्या आणि बाहेर थोडं अंगण असलेली एखादी शाळा, समाजमंदिर, जुना वाडा कुणाला माहीत असेल तर नक्की सांगा, भाडं देऊ, पावती घेऊ, आणि वापरून झाल्यावर झाडून देऊ.